'वूड फर्न'ला मराठीत काय म्हणावं?

हिमालयातल्या वनस्पतींवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात ड्रायॉप्टेरिस वॉलिचियाना हा मोठा 'वूड फर्न' आहे. पहिल्या मसुद्यात 'लाकडी नेचा' झालंय, ते काही केल्या पटत नाही. काय सुचवाल?

— 'लाकडी' नकोच. लाकडी म्हटलं की पाट-पोळपाट आठवतो. इथला 'वूड' म्हणजे झाडी. 'रान नेचा' लिहा.

— 'रान'ची मला अडचण वाटते. रानकेळ, रानहळद म्हणतो तेव्हा लागवडीतल्या झाडाचा जंगली भाऊबंद अभिप्रेत असतो. इथे तसं नाही. 'वननेचा' म्हणा, सावलीतल्या जंगलाचा अर्थ नेमका येतो. प्रजातीचं ग्रीक नावही तेच सांगतं: 'ड्रिस' म्हणजे ओक, 'प्टेरिस' म्हणजे नेचा. कुमाऊंमध्ये ओकला बांज म्हणतात. तिथल्या बांजाच्या ओल्या जंगलात मी हा नेचा पाहिला आहे. मधल्या उभ्या खोडापासून पानं चहूबाजूंनी वर फाकलेली, अगदी बॅडमिंटनच्या फुलासारखी, आणि माझ्या कमरेच्या वर गेलेली. देठावर काळपट तपकिरी खवले इतके दाट की बोट फिरवलं तर केसाळ लागतं. कोवळं पान पिवळसर हिरवं, टोकाशी गुंडाळलेलं. त्यावर ते काळे खवले फार उठून दिसतात. म्हणून पूर्ण नाव 'काळ्या खवल्यांचा वननेचा' करावं असं मला मनापासून वाटतं. 'वॉलिचियाना' हे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नथानिएल वॉलिच (१७८६–१८५४) यांच्यावरून आलंय, ते कंसात राहू द्या.

— 'वननेचा' आवडलं, घेते. पानामागच्या ठिपक्यांना 'बियांचे ठिपके' चालेल?

— नाही हो ताई, नेच्याला बी नसतं. 'बीजाणू' किंवा 'बीजुक' लिहा. विश्वकोशात 'बीजुक' आहे, शाळेत 'बीजाणू' शिकलो. त्या प्रत्येक गोल पुंजक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं पातळ आवरण असतं, तेही लिहा. ड्रायॉप्टेरिस ओळखायची ती मोठी खूण आहे.

— प्रसाराबद्दल 'हिमालयातला' एवढंच लिहू नका. नेपाळ, भूतान, म्यानमार, चीन, तैवान, जपान, सगळीकडे आहे. आणि पहाडात 'लिंगुडा' म्हणून ज्याच्या कोवळ्या गुंडाळ्यांची भाजी करतात, तो हा नव्हे; तो डिप्लाझियम. मजकुरात दोन्ही येत असतील तर नावं वेगळी ठेवा, कुणी भलताच नेचा खुडून आणायला नको.