घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी संगणक कोणता घ्यावा?

लाकूडतोड्या (प्रश्न)

सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचे उभे, दोन खेळाडूंचे कॅबिनेट तयार होऊन आले आहे आणि आता त्याच्या पोटात कोणता संगणक बसवावा, यावर माझे घोडे अडले आहे. शाळेच्या दिवसांत बसस्थानकाजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आम्ही सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत असू तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, ‘स्ट्रीट फायटर २’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हे तीन खेळ हवेतच. शिवाय पत्नीला ‘पॅक-मॅन’ हवा आहे आणि मुलाने ‘टेकन ३’चे नाव घेतले आहे. दुकानदाराने ‘गेमिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणारच’ असे सांगून जो संगणक सुचवला, त्याची किंमत माझ्या २५,००० रुपयांच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. याउलट एक मित्र रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरेसा आहे असे म्हणतो. पडदा, जॉयस्टिक आणि बटणे हेही याच रकमेत बसवायचे आहे. कॅबिनेटची आतली रुंदी २३ इंच आहे.

खटपट्या

ग्राफिक्स कार्डाचा विचार आपण आजच सोडून द्यावा. जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारी, १९९७ पासून विकसित होत आलेली ‘मेम’ ही प्रणाली मूळ यंत्रातील प्रत्येक चिपचे काम, चित्र काढणाऱ्या चिपांसकट, प्रोसेसरकडूनच करून घेते. या चिपा क्षणाक्षणाला एकमेकींवर अवलंबून असल्यामुळे ते काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांत) फारसे वाटता येत नाही. म्हणून आठ मंद कोअरांपेक्षा एक वेगवान कोअर अधिक उपयोगी पडतो, आणि महागडे कार्ड शेवटी तयार चित्र ताणून पडद्यावर मांडण्यापुरतेच उरते.

आपली यादी पाहता भार फार नाही. ‘पॅक-मॅन’च्या १९८० च्या मूळ यंत्रात सुमारे ३ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर होता, तर ‘स्ट्रीट फायटर २’ १० मेगाहर्ट्झच्या ‘६८०००’ नावाच्या प्रोसेसरवर चालत असे. कार्यालयांतून निघालेला, चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या आय-५ चा छोट्या खोक्याचा संगणक हे सर्व आरामात पेलतो. मला तसा एक ८ जीबी मेमरी आणि एसएसडीसह ९,५०० रुपयांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला. विकत घेण्यापूर्वी तो दुकानातच अर्धा तास चालवून पंख्याचा आवाज ऐकावा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा संगणकाच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय असते. ती चालू ठेवली की कॅबिनेटच्या मागचा एकच स्विच दाबून पडदा, आवाज आणि संगणक एकदम सुरू होतात, आणि खोक्याचे बटण शोधण्यासाठी पाठीमागे हात घालावा लागत नाही.

नादखुळा

खटपट्यांशी मी बहुतांशी सहमत आहे. पण रास्पबेरी पायला इतक्या लवकर बाजूला सारू नये. माझ्याकडे चार वर्षांपासून पाय ४ आहे आणि ‘मेम’सारख्याच ‘एफबी निओ’ या प्रणालीवर आपले पहिले तिन्ही खेळ त्यावर विनातक्रार चालतात. ‘टेकन ३’ची आर्केड आवृत्ती मात्र त्याला जड जाते. तो खेळ मुळात प्लेस्टेशनवर आधारलेल्या हार्डवेअरवरचा असल्याने त्याची प्लेस्टेशनवरची आवृत्ती चालवली, तर मुलाची हौस भागेल.

पाय ५ घेणार असाल तर दोन गोष्टी आधी जाणून घ्या. त्याला हेडफोनचे छिद्रच नाही, म्हणजे आवाज एचडीएमआयमधून घ्यावा लागतो किंवा वेगळे यूएसबी साउंड कार्ड लागते. आणि ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर तो यूएसबीला मिळणारा प्रवाह कमी करतो. बंद कॅबिनेटमध्ये ८० अंशांच्या पुढे पाय स्वतःहून मंदावतो, त्यामुळे पंखा हवाच. आमच्याकडे वीज वारंवार जाते, आणि त्यात माझी दोन मेमरी कार्डे खराब झाली. म्हणून आता मी एसएसडी वापरतो. हे सगळे जोडून हिशेब मांडला तर पायची स्वस्ताई बरीचशी ओसरते, हे मलाही मान्य करावे लागेल.

लाकूडतोड्या

दोघांचेही आभार. मी वापरलेल्या आय-५ च्या बाजूने झुकलो आहे. पडद्याबद्दल मात्र संभ्रम आहे. घरी माळ्यावर २१ इंची जुना, काचेच्या नळीचा टीव्ही पडून आहे. तोच बसवता येईल का?

अर्धवर्तुळ

बसवता येईल आणि चित्र सर्वांत खरे त्याच्यावरच दिसेल. पण तो टीव्ही साधारण १५ किलोहर्ट्झचा संकेत घेतो, तर संगणकाचे नेहमीचे आउटपुट ३१ किलोहर्ट्झपासून सुरू होते. त्यासाठी रेडिऑन मालिकेतले ठरावीक जुने ग्राफिक्स कार्ड आणि खास ड्रायव्हर लागतात, म्हणजे ज्या ग्राफिक्स कार्डाला आपण नुकतेच हाकलले ते इथे मागच्या दाराने परत येते, आणि छोट्या खोक्यात ते मावेलच असे नाही. शिवाय टीव्ही उघडायचा असेल तर नळीत बंद केल्यानंतरही विजेचा जीवघेणा दाब उरतो, तेव्हा जाणत्या दुरुस्तीवाल्याविना त्याला हात लावू नये.

आपल्या मर्यादेत मी २४ इंची एलईडी मॉनिटर घेईन. तो साधारण २१ इंच रुंद असतो, म्हणजे तुमच्या २३ इंचांत बसतो, आणि त्यावर जुन्या ४:३ खेळांचे चित्र साधारण साडेएकोणीस इंची येते. ‘पॅक-मॅन’ उभ्या पडद्याचा खेळ असल्याने तो मात्र पंधरा इंचांहूनही लहान दिसेल. पत्नीला आधीच कल्पना देऊन ठेवा. मॉनिटरऐवजी नव्या पद्धतीचा चपटा टीव्ही लावायचा ठरवलात तर त्यातला ‘गेम मोड’ चालू करा, कारण चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही बटण दाबणे आणि ठोसा पडणे यांत जाणवेल इतका उशीर करतो.

जॉयस्टिकवर कंजुषी नको. ‘पॅक-मॅन’ला चार दिशांची आणि ‘स्ट्रीट फायटर’ला आठ दिशांची जॉयस्टिक लागते, आठ दिशांच्या दांड्यावर पॅक-मॅन वळणावर अडतो आणि दोष खेळाडूला लागतो. खालची पट्टी फिरवून चार-आठ असा बदल करता येणारी जॉयस्टिक मिळते, तीच मागा, आणि पॅनेलला भोके पाडण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूसाठी सहा बटणे धरून चला.