मोती गेल्यावर लगेच दुसरे कुत्रे आणावे का?

शहापूरचे निवृत्त शिक्षक (धागाकर्ते)

आमचा मोती आषाढात गेला. अकरा वर्षांचा लॅब्राडोर. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि शेवटचे बारा दिवस रोज सलाइन चालू होते. बेळगावात शहापूरला आमच्या घराच्या मागच्या दारावर, जमिनीपासून दोन वितींवर, त्याच्या नखांचे ओरखडे अजून आहेत. दिवाळीपूर्वी रंगकाम काढायचे आहे, पण तेवढी फळी तशीच ठेवावी असे मी रंगाऱ्याला सांगून ठेवले आहे. चौथ्याच दिवशी बंगळुरूहून मुलाने एका पिलाचा फोटो पाठवला. तोच पिवळसर रंग, तेच कान आणि खाली लिहिलेले, ‘मोती दोन’. तेव्हापासून घरात जो वाद पेटला आहे तो मिटत नाही, म्हणून येथे मांडतो.

माझे मत असे आहे की, लाडके कुत्रे गेल्यावर निदान वर्षभर दुसरे आणू नये. आणि त्याच जातीचे, त्याच रंगाचे, त्याच नावाचे तर कधीच आणू नये. मोतीला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कळत. आम्ही ‘बस’ म्हटले तरी तो बसे आणि दूधवाला ‘कुंद्रु’ म्हणाला तरी बसे. ‘ये’ला जितका धावे तितकाच ‘बा’लाही धावे. हे त्याला कोणी शिकवले नव्हते, दहा-अकरा वर्षे पहाटे साडेपाचला फाटकाशी उभे राहून त्याचे त्यानेच ते उचलले होते. आता दोन महिन्यांचे पिलू त्याच दूधवाल्यावर भुंकले की आम्ही सारे एकमेकांकडे पाहणार आणि ‘मोती असे करत नसे’ हे वाक्य दिवसातून चार वेळा घरात उच्चारले जाणार. त्या पिलाचा यात काय अपराध? ज्याला आपण दुसऱ्याची आठवण म्हणून आणतो, त्याला स्वतःचा स्वभाव ठेवण्याची मुभाच उरत नाही.

जांबोटी भागातील शेतकरी

सर, आपले दुःख समजते. परंतु आपला नियम शहरातल्या बंद फाटकाच्या घरापुरता आहे. आमचे घर खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला आहे. भात पोटरीला आले की रानडुकरे रात्री शेतात उतरतात आणि एका रात्रीत दोन-तीन गुंठे लोळवून जातात. कधी अस्वल येते, कधी बिबट्याही येतो, आणि आमचे मागचे कुत्रे त्या बिबट्यानेच गोठ्यासमोरून उचलले. आठव्या दिवशी मी दुसरे पिलू आणले. वर्षभर थांबलो असतो तर त्या साली पीक कोणी राखले असते?

आणि थांबणे म्हणजेच प्रेम, हेही मला पटत नाही. बैल मेला तर शेतकरी दुसऱ्या बैलासाठी वर्ष पाळत नाही, कारण पेरणी वर्षभर थांबत नाही. म्हणून आधीच्या बैलावर त्याचा जीव नव्हता असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या बैलांच्या सणाला, नव्या बैलाची शिंगे रंगवताना माझी आई जुन्याचे नाव काढून पदराने डोळे पुसते आणि लगेच नव्याच्या तोंडात पुरणपोळी घालते. तिला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही, आणि मलाही दिसत नाही.

निपाणीतील पशुवैद्यक

दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट सुटली आहे. कधी आणावे याचा निर्णय मनावर सोडण्याआधी जुने कुत्रे कशाने गेले हे पाहावे लागते. मोतीचे मूत्रपिंडाचे दुखणे संसर्गाचे नसेल तर सरांना थांबण्याचे वैद्यकीय कारण नाही. पण पिलू पार्व्होने गेले असेल, म्हणजे रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण लागून दोन-चार दिवसांत दगावले असेल, तर त्याचा विषाणू अंगणातील मातीत वर्षभरही टिकू शकतो. नेहमीच्या फिनेलने तो मरत नाही. फरशी आधी घासून धुवावी आणि मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून तिच्यावर दहा मिनिटे राहू द्यावे. मातीवर मात्र हा उपाय चालत नाही. अशा घरात लस पूर्ण न झालेले पिलू आणणे म्हणजे जाणूनबुजून आणखी एक मृत्यू घरात आणणे होय. माझ्याकडे एकाच अंगणातून दीड महिन्यात दोन पिले आलेली मी पाहिली आहेत आणि दुसऱ्या वेळी त्या घरातील मुलीच्या तोंडाकडे मला पाहवले नाही. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या संसर्गजन्य रोगाचे तसे नाही, त्याचा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही.

गोचीड तापाने गेलेल्या कुत्र्याच्या घरातही घाई करू नये. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत, खाटेच्या सांध्यात, गोणपाटाखाली महिनोनमहिने उपाशी राहून वाट पाहते. म्हणून आधी घराचा बंदोबस्त करावा. पिलू आठ आठवड्यांचे होण्याआधी विकणे 2017च्या केंद्रीय नियमांनुसार निषिद्ध आहे, तरीही महिनाभराची पिले पुठ्ठ्याच्या खोक्यातून सर्रास विकली जातात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची लस तीन महिने झाल्यावर द्यावी. फोटोवरून पिलू पसंत करणाऱ्या चिरंजीवांना एवढे अवश्य कळवावे.

टिळकवाडीची कन्या

डॉक्टरांचे सगळे मान्य आहे. सरांचे वर्ष मात्र मला मान्य नाही. आमचे कुत्रे गेले तेव्हा माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचे पहाटेचे फिरणे, नाक्यावरचा चहा, तिथल्या चार माणसांशी बोलणे हे सर्व त्या एका साखळीला बांधलेले होते. साखळी खुंटीवर गेली आणि तीन महिन्यांत बाबा घरातल्या घरात म्हातारे झाले. त्यांना वर्षभर थांबा असे सांगणे मला तरी जमले नसते. पिलू आणण्याला मात्र माझा ठाम विरोध होता, कारण लॅब्राडोर दहा-बारा वर्षे जगतो; बाबा पंचाऐंशीचे होतील तेव्हा तीस किलोचे कुत्रे साखळीने त्यांना ओढणार, आणि त्यापुढचा हिशेब मला मांडायचा नाही. आम्ही पाच वर्षांचे, शिकलेले, बदलीमुळे सोडावे लागलेले कुत्रे घेतले. ते पहिले पंधरा दिवस दाराकडे तोंड करून बसले होते. बाबाही तसेच बसत. दोघेही कोणाची तरी वाट पाहत होते, त्यामुळे त्यांचे पटले.

चिकोडीचे श्वानप्रेमी

इतकी चर्चा झाली, पण विषय लॅब्राडोरच्या पुढे जात नाही! आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाउंड, ज्याला सीमेपलीकडे कारवान म्हणतात, त्याचा कोणी विचारही करू नये याचे नवल वाटते. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, 2005मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, तिच्या संशोधनाचे केंद्र मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे आहे. आपल्या हवेत वाढलेले, आखूड केसांचे, काटक कुत्रे सोडून बर्फाळ मुलखातले हस्की आणणे आणि मग त्याच्यासाठी एसी लावणे याला काय म्हणावे? सरांना तीच जात नको असेल, तर हा मार्ग खुला आहे.

निपाणीतील पशुवैद्यक

जात उत्तम, सल्ला मात्र चुकीचा. मुधोळ हे नजरेने शिकार हेरून तिच्यामागे धावणारे कुत्रे आहे. त्याला रोज मोकळे रान लागते आणि समोरून मांजर किंवा शेळीचे करडू पळाले की धन्याची हाक त्याच्या कानावरून जाते. शहापूरच्या बोळात, सत्तरीच्या माणसाच्या हाती, ते कोंडून पडेल. जांबोटीला शोभेल, पण तिथेही बिबट्यापुढे जात चालत नाही. रात्री त्याला बंद गोठ्यातच ठेवावे लागेल.

शहापूरचे निवृत्त शिक्षक (धागाकर्ते)

वर्षाची अट मी मागे घेतो. ती माझ्यासाठी होती आणि मी ती सर्वांना लावली, ही शिक्षकाची जुनी खोड. टिळकवाडीच्या ताईंनी लिहिलेली साखळी आमच्याही खुंटीवर आहे आणि गेले दोन महिने मी दूध आणायलासुद्धा फाटकाशी जात नाही, पिशवी दाराला अडकवून ठेवतो. नावाचे मत मात्र बदलणार नाही. ‘मोती दोन’ या नावातच त्या पिलाला दुसरा क्रमांक दिलेला आहे.

जांबोटी भागातील शेतकरी

नावावर पुन्हा असहमत, सर. आमचे कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा. त्यामुळे आजोबांच्या काळापासून आमच्या दारातील प्रत्येक कुत्रे खंड्याच आहे, बिबट्याने नेलेलाही खंड्या आणि आताचाही खंड्या. पहिला, दुसरा असे आम्ही कधी मोजले नाही; ते नाव कुत्र्याचे नसून दाराचे आहे.

शहापूरचे निवृत्त शिक्षक (धागाकर्ते)

तुमच्याकडे ते खंडोबाचे नाव आहे, म्हणून शोभते. मोती हे नाव माझ्या पत्नीने ठेवले होते आणि ती आता नाही. ते एकाचेच राहू द्या.

टिळकवाडीची कन्या

सर, आमच्या ओळखीचे एक कुटुंब दिवाळीनंतर पुण्याला जात आहे. त्यांचे कुत्रे काळे, गावठी, सहा वर्षांचे आहे आणि लसी वेळेवर झालेल्या आहेत. तिथल्या फ्लॅटमध्ये त्याला नेता येणार नाही. नाव त्याचे त्याला आधीच आहे, त्यामुळे तो वाद उरत नाही. रविवारी नुसते पाहून यावे.

शहापूरचे निवृत्त शिक्षक (धागाकर्ते)

पाहायला येतो. घेईन असे आज म्हणत नाही. त्याला कन्नड कळते का, एवढे मात्र त्यांना विचारून ठेवा; दूधवाला परवा विचारत होता की, पहाटे फाटकाशी आता बोलायचे कोणाशी.