फिजिक्स मेजर की गणित? (आणि एप्सिलॉन-डेल्टा डोक्यावरून जातंय)

दुष्काळी_पोरगी:

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करतेय. एफवायला फिजिक्स, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स असे तीन विषय होते. आता एसवायला मेजर कुठला नि मायनर कुठला ते लिहून द्यायचंय, शनिवार शेवटची तारीख.

इंटिग्रेशन कितीही द्या, रात्र जागून सोडवीन. पण रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसच्या काटेकोर सिद्धता, सुरू झाल्यापासून माझा आणि गणिताचा अबोला आहे. "दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की..." इथपर्यंत ऐकू येतं, पुढचं नाही. सिद्धता पाठ केली, पेपरात उतरवली, मार्कही पडले. मार्क पडले याचंच जास्त वाईट वाटलं. फिजिक्सचं म्हणाल तर प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असतं, मग उलटा हिशेब करून रीडिंग बनवायची. सगळी बॅच तेच करते.

घरी म्हणतात एमएस्सी-बीएड कर आणि शाळेत लाग. मामा म्हणतो एमपीएससी. मला आयआयटीत किंवा तसल्या एखाद्या संस्थेत एमएस्सी करायचीय, पण हे घरी अजून बोलले नाही. काय घेऊ?

काठावरचा_मास्तर:

पोरी, शनिवारला वेळ आहे. त्याआधी घरी एक काम कर. दाराच्या चौकटीला खिळा असेलच. त्याला दोरा बांध, खाली एक जड नट लटकव. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. मोबाईलचं स्टॉपवॉच घे आणि वीस दोलनांचा वेळ मोज. आधी जेमतेम पाच अंशांवरून सोडून, मग चांगलं तीस अंशांवरून. कोनमापक कंपासपेटीत आहे.

पहिल्या वेळी ४०.२ सेकंदांच्या आसपास येईल. दुसऱ्या वेळी हिशेबाने ४०.९ यायला हवं, पण दोलनागणिक कोन कमी होत जातो म्हणून जरा कमी भरेल. तरी फरक दिसेल. "दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो", म्हणजे कितीही कोनावरून सोडा वेळ तेवढाच, हे तू व्हायव्हाला म्हणून दाखवलं असशील. नट तुझं ऐकणार नाही.

आता जर्नल काढ. "कोन लहान ठेवावा" असं छापलेलं असतं. लहान म्हणजे किती? माझ्या अख्ख्या नोकरीत हे विचारणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोनाला थीटा म्हणू. सूत्र काढताना आपण साईन थीटाच्या जागी नुसता थीटा लिहितो, त्यामुळे खरा दोलनकाल सूत्रापेक्षा थोडा जास्त निघतो. किती जास्त? थीटा रेडियनमध्ये घेतला तर साधारण थीटाच्या वर्गाच्या सोळाव्या हिश्श्याइतका. म्हणजे दोलनकालातली चूक एक टक्क्याच्या आत हवी असेल तर २२ अंशांपर्यंत खुशाल सोड. एक दशांश टक्क्याच्या आत हवी असेल तर ७ अंशांच्या वर जाऊ नको. तू आणखी बारीक चूक सांग, मी आणखी लहान कोन काढून देतो. चूक तू ठरवायचीस, कोन मी द्यायचा, आणि तू काहीही मागितलंस तरी मला देता आला पाहिजे. तू मागतेस तो एप्सिलॉन, मी देतो तो डेल्टा. बाकी त्या वाक्यात काही नाही.

मग वहीत हे कर: एक्सचा वर्ग दोनपाशी सलग (कंटिन्युअस) आहे हे दाखव, पण अक्षराला हात लावायचा नाही. एप्सिलॉन ०.१ दिला, डेल्टा काढ. ०.०२ चालतो, पडताळून बघ. मग ०.०१ दिला. मग ०.००१. तिसऱ्या खेपेला तुझं तुलाच कळेल की आपण दर वेळी पाचाने भागतोय. का भागतोय हे कळलं की आकडा काढून तिथे अक्षर ठेव, सिद्धता झाली.

रीडिंग बनवण्याबद्दल एकच सांगतो. तीस अंशांवरून सोडून जी (गुरुत्वीय त्वरण) काढलास तर ९.४५ च्या आसपास येतो. तो ९.४५ जर्नलात लिहून खाली कारण लिहिणारा विद्यार्थी मला हवा असायचा. मिळायचे ९.८१ वाले. अरे, आपल्याकडे जी आहे ९.७८. खरा ९.८१ मोजायचा तर पार उत्तरेला पन्नासाव्या अक्षांशाजवळ जाऊन लंबक टांगावा लागेल. पोरं तालुक्यात बसून जर्मनीचा जी काढतात.

मेजर फिजिक्स घे. मी फिजिक्सवाला, मी दुसरं काय सांगणार.

सबसीक्वेन्स:

सरांचा लंबक आवडला. पण मेजरबद्दल मी भांडणार. मी लातूरची, सध्या गणितात एमएस्सी करतेय.

अगं, लंबकाने एप्सिलॉन-डेल्टाशी ओळख होईल, संसार नाही होणार. ॲनालिसिसची खरी मजा तिथे आहे जिथे चित्र दगा देतं. वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये एक फंक्शन मांडलं, सगळीकडे सलग पण कुठेच डेरिव्हेटिव्ह नाही. असला दोरा कुठल्याच खिळ्याला टांगता येत नाही. तेव्हा प्रमेय पाठ करण्याऐवजी त्यातली एक अट काढून टाक आणि काय मोडतं ते बघ. बंद अंतरालावर, म्हणजे दोन्ही टोकं धरून, सलग असलेलं फंक्शन बद्ध असतं, मर्यादेत राहतं ना? आता "बंद" खोड. शून्य ते एक, दोन्ही टोकं वगळून, एक भागिले एक्स घे. गेलं हाताबाहेर. प्रत्येक प्रमेयासमोर वहीत असं एक मोडकं उदाहरण पाहिजे, स्वतः शोधलेलं.

याचा रोकडा फायदाही आहे. आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यात दहा प्रश्न असे असतात की चारांपैकी एक किंवा जास्त पर्याय बरोबर, आणि अर्धवट बरोबर उत्तराला शून्य. तिथे पाठांतरवाले आडवे होतात. मोडकी उदाहरणं खिशात असतील तर पर्याय पटापट कटतात. निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना असतं. एका वर्षी दोन पेपर देता येतात आणि गणित नि फिजिक्स वेगवेगळ्या सत्रांत असतात, म्हणजे तुला आत्ताच एकाशी लग्न लावायची गरज नाही. काहीही मेजर घे, दुसरा विषय मायनर ठेव. फक्त कुठल्या संस्थेला पदवीत कुठला विषय किती सेमिस्टर लागतो ते माहितीपत्रकात आत्ताच वाच, टीवायला नको.

आणि उन्हाळ्यात घरी बसू नकोस. गणितासाठी एमटीटीएस हे उन्हाळी शिबिर आहे, १९९३ पासून चालू. मे-जूनमध्ये चार आठवडे, सकाळपासून फळ्यासमोर उभं करून "का?" विचारतात. पहिला आठवडा रडू येतं. फिजिक्सकडे गेलीस तर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम बघ.

खडू_फळा:

वरच्या दोघांचं चालू द्या. मी हायस्कूलला गणित शिकवतो, म्हणून घरच्यांची बाजू. बीएड काही वाईट नाही, पण शिक्षकभरती कधी निघेल याच्या भरवशावर वर्षं काढू नकोस. आईवडिलांना "आयआयटीत एमएस्सी" सांगताना फी आणि स्कॉलरशिपचे आकडे कागदावर लिहून ने. एमएस्सी झाल्यावरही बीएड करता येतं, ही ओळ सगळ्यात वर लिही. आमच्या घरी त्याच ओळीवर होकार मिळाला होता. मामाला मात्र काही सांगू नकोस.

दुष्काळी_पोरगी:

लंबक केला. लहान कोनाला ४०.३, तिसाला ४०.७. आजी म्हणाली दारात काय करणी बांधलीय.

एक्स वर्गाचं पण जमलं. एक्स दोनपासून एकाहून लांब जाऊ दिला नाही की एक्स अधिक दोन पाचाच्या आत राहतो, म्हणून पाच. ताई, एक भागिले एक्सने डोकं खाल्लं, पण कळलं.

फॉर्म भरला. फिजिक्स मेजर, गणित मायनर. ताई, रागावू नका, दोन्ही पेपर देणार आहे. सर, एक शंका. नटाचा मध्य नेमका कुठे ते मला कळत नाही, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंय. मग जी कसा बरोबर येणार?

काठावरचा_मास्तर:

हा प्रश्न झाला. एकाच लांबीवर विसंबू नको. पाच-सहा लांब्या घे, फक्त दोरा गाठीपर्यंत मोज, नट मोजूच नको. दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर, लांबी आडव्या अक्षावर. रेषा शून्यातून जाणार नाही, थोडी वरून जाईल. जाऊ दे. नटाच्या मध्याचा सगळा घोळ त्या वर सरकण्यात जातो, चढाला तो लागत नाही. आणि जी चढातून काढायचा असतो: चार गुणिले पायचा (π) वर्ग, भागिले चढ.

जे येईल ते लिही. ९.७ आलं तर ९.७.