वरचं बटण आणि तळाची लिंक
'मेल बंद करायचं अनसबस्क्राइब दाबलं की आपला पत्ता चालू आहे हे पाठवणाऱ्यांना कळतं, म्हणून ते कधीच दाबू नये' हे मत मला अर्धंच पटतं. अनोळखी, फसव्या मेलबाबत ते खरं आहे. तो सरळ स्पॅममध्ये टाकावा. पण जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जे बटण दाखवतं, ते मेलच्या तळाच्या बारीक अक्षरांतल्या लिंकपेक्षा वेगळं. ते मेलच्या हेडरमधून (मेलसोबत येणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीतून) येतं, त्यामुळे बहुतेक वेळा कुठलंही वेबपान उघडावं लागत नाही.

जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातींच्या मेलमध्ये ही एका क्लिकची सोय २०२४ पासून सक्तीची आहे, आणि दोन दिवसांत यादीतून नाव काढायचं असतं. त्यानंतरही मेल आले तर बेलाशक स्पॅम नोंदवा. अशा तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की त्यांचे मेल इनबॉक्सपर्यंत पोचणंच अवघड होतं.