आयात खेळणी : माल परत मागवला, हे आपल्याला कळवणार कोण?

धागाकर्ती :
भाच्याच्या वाढदिवसासाठी गेल्या महिन्यात मुंबईच्या घाऊक बाजारातून चुंबकाच्या गोळ्यांचा संच आणला. देऊनही झाला आणि मग रिकामा खोका रद्दीत टाकताना सहज उलटून पाहिला. मागे सगळा चिनी मजकूर, त्यावर तिरकी चिकटवलेली पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर फक्त किंमत. पॅकबंद मालाच्या नियमांप्रमाणे आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, तक्रारीसाठी क्रमांक हे सारे तिथे असायला हवे होते. आयएसआय चिन्हही नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे, मग माल देशी असो वा परदेशी.

अशा दोन गोळ्या मुलाने वेगवेगळ्या वेळी गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडते. उद्या सरकारने हा संच धोकादायक ठरवला, तर ते मला कसे कळेल? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माल परत मागवण्याचे अधिकार दिले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने अ‍ॅमेझॉनला आयएसआय चिन्हाविना विकले गेलेले २,२६५ प्रेशर कुकर परत घेण्याचा, ग्राहकांना कळवण्याचा आणि एक लाख रुपये दंड भरण्याचा आदेश दिला. तिथे निदान प्रत्येक ग्राहकाचा पत्ता नोंदलेला होता. माझ्या बिलावर 'खेळणी – १ नग' एवढेच आहे. माझे मत असे, की ठरावीक किमतीवरच्या खेळण्यांसाठी आणि विजेच्या वस्तूंसाठी दुकानदाराने ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवणे बंधनकारक करावे.

कोल्हापूरचा दुकानदार :
ताई, बावीस वर्षे खेळण्यांचे दुकान चालवतो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या खोक्यावर बारीक अक्षरांत '१४+' असे छापले आहे का, ते पाहा. असेल, तर आयातदार म्हणेल की हे कायद्याने खेळणेच नव्हे, मोठ्यांच्या टेबलावरची शोभेची वस्तू आहे. आणि मग आयएसआयचा प्रश्नच निघत नाही. पळवाट ही आहे आणि ती बुजवायची सोडून तुम्ही वही माझ्या हातात देता. रडणारे पोर कडेवर घेऊन खेळण्यातली गाडी विकत घेणारा माणूस मला क्रमांक देईल, असे तुम्हाला खरेच वाटते का? दिला, तरी दुसऱ्या दिवसापासून त्याला भलतेच फोन येऊ लागले की बोल मला लागेल. शिवाय पक्के बिल देणारा दुकानदारच या नियमात सापडेल. पदपथावर चादर अंथरून बसणाऱ्याला कोण विचारणार?

बंदरावरच अडवा :
दोघेही फांद्या छाटत आहेत. माल बाजारात शिरल्यावर त्याच्यामागे धावण्यात काय हशील आहे? २००७ मध्ये चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी रंगातल्या शिशामुळे अमेरिकेत परत मागवावी लागली. २००८ मध्ये चीनमधल्या दुधात मेलामाइन हे घातक रसायन सापडले, तेव्हा आपण चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थ सरळ बंद केले आणि कोणाचे काही अडले नाही. खेळण्यांनाही तोच न्याय लावावा. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, ती घ्यावीत.

मूळ प्रश्न वेगळा :
२००७ ची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. त्या वर्षी मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीने परत मागवलेल्या खेळण्यांपैकी बहुसंख्य शिशामुळे नव्हे, तर सुट्या होणाऱ्या चुंबकांमुळे परत घ्यावी लागली आणि तो दोष कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातला होता. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन तशी कबुली देत माफी मागितली. बंदीचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे : जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली आणि मार्चमध्येच ती सैल करून चाचणीचे प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट दिली गेली. पुढे आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि मग ७० टक्के झाले. त्याने देशी उद्योगाला आधार मिळाला असेल, पण शुल्क भरले म्हणून रंगातले शिसे कमी होत नाही. चितारआळीचे म्हणाल, तर नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. म्हणजे तिथेही आपण विश्वासावरच चालतो. (त्या लाकडी फळांवर माझेही प्रेम आहे, गैरसमज नसावा.) आणि एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूरने एथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनामुळे आपल्याच एका कंपनीचा फिश करी मसाला परत मागवायला लावला, तेव्हा त्यांच्या लेखी आयात माल आपणच होतो.

न्यू जर्सीहून :
इथे अमेरिकेत पाळण्यासारख्या बाळाच्या टिकाऊ वस्तूंसोबत नोंदणीचे कार्ड देणे उत्पादकाला सक्तीचे आहे. ते टपालाने थेट कंपनीकडे जाते, दुकानदाराचा त्यात संबंध नाही, हे कोल्हापूरच्या दादांनी लक्षात घ्यावे. मात्र धागाकर्तीने त्यावर फार विसंबू नये. बाळाला निजवायचे एक तिरके झोळणे २०१९ मध्ये परत मागवले गेले. अशी सुमारे ४७ लाख झोळणी विकली गेली होती. त्यानंतरही किमान आठ बाळे दगावल्याची नोंद झाल्यामुळे २०२३ मध्ये तीच सूचना पुन्हा काढावी लागली. वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात, भावंडांकडे, जुन्या बाजारात जाते. कार्डावरचे नाव मात्र पहिल्या घराचेच राहते.

धागाकर्ती :
दादा, तुमचे खरे निघाले. '१४+' आहे, तळाच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढे. पण तो खोका बाहुल्या आणि खुळखुळे यांच्या मधल्या फळीवर मांडलेला होता आणि ती मांडणी आयातदाराने केलेली नव्हती. वही दुकानदाराकडे नसावी, कार्ड आयातदाराकडे जावे, ही न्यू जर्सीची दुरुस्ती मला मान्य आहे. फक्त त्यासाठी आधी खोक्यावर आयातदाराचा पत्ता हवा.

संच मी बहिणीकडून परत आणला. खोक्यावर २१६ गोळ्या लिहिल्या आहेत. काल रात्री दोनदा मोजल्या, २१४ भरल्या. दोन मुळातच कमी होत्या की तिच्या घरी कुठे घरंगळल्या, ते कळायला मार्ग नाही. बहीण सकाळपासून सोफा सरकवून शोधते आहे.