काचा फोडून, आगी लावून ब्रिटनमधल्या बायकांना मताचा हक्क मिळाला का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, एक प्रश्न आहे आणि जरा सविस्तर उत्तरं हवी आहेत. आमच्या गावच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलींचा चर्चागट चालवते, त्यात यावेळी विषय निघाला इंग्लंडमधल्या बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीचा, म्हणजे एमेलिन पँकहर्स्ट, त्यांच्या मुली, डब्ल्यूएसपीयू ही त्यांची संघटना वगैरे. मुलींचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, इतकी वर्षं अर्ज-विनंत्या करून कुणी ढुंकून बघितलं नाही, दगड उचलल्यावर मात्र सगळ्यांना जाग आली, म्हणजे दगडच बरोबर. दुसरा तट म्हणतो, घरं जाळली, लेटरबॉक्समध्ये ॲसिड ओतलं आणि शेवटी मत मिळालं ते पहिल्या महायुद्धात बायकांनी कामं केली म्हणून, मग त्या जाळपोळीचा उपयोग काय? मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतंय आणि मुलींना गुळमुळीत उत्तर द्यायचं नाहीये. ज्यांनी यावर वाचलंय त्यांनी सांगा ना, नेमकं काय काय केलं त्यांनी, का केलं आणि त्यातलं कामी काय आलं?

कोरडवाहू:
ताई, सगळ्यात आधी एक करा, 'उग्र आंदोलन' हे एकच गाठोडं समजू नका, ते सोडून बघा. १९०५ ते १९१४ या नऊ वर्षांत या बायकांनी जे केलं ते पायरीपायरीने चढत गेलंय आणि जवळजवळ प्रत्येक पायरीच्या आधी सरकारने काहीतरी केलेलं आहे.

१८६६ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने पार्लमेंटमध्ये सुमारे १५०० बायकांच्या सह्यांचा अर्ज दिला तिथून मोजा. १९०३ मध्ये पँकहर्स्टबाईंनी मँचेस्टरला आपल्या घरी संघटना काढली तोवर ३७ वर्षं उलटली होती. ऑक्टोबर १९०५ मध्ये त्यांची मुलगी क्रिस्टाबेल आणि गिरणीत काम केलेली ॲनी केनी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधल्या लिबरल पक्षाच्या सभेला गेल्या आणि एडवर्ड ग्रे यांना विचारलं की तुमचं सरकार आलं तर बायकांना मत देणार का. बस, एवढाच प्रश्न. उत्तर मिळालं नाही, त्यांना सभेतून ओढून बाहेर काढलं, बाहेर पोलिसांशी झटापट झाली, दंड झाला, तो भरायला दोघींनी नकार दिला आणि जेलमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पेपरात त्यांचीच चर्चा. म्हणजे पहिली पायरी होती भर सभेत प्रश्न विचारणं आणि दंडाऐवजी जेल पत्करणं, त्यात दुसऱ्या कुणाचं काही जळलं नव्हतं.

मग १९०८ च्या जूनमध्ये हाइड पार्कला प्रचंड सभा झाली, माणसं लाखांनी मोजावी लागली इतकी गर्दी, पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. त्यानंतर काही दिवसांतच मेरी ली आणि एडिथ न्यू या दोघींनी त्यांच्या डाउनिंग स्ट्रीटच्या घराच्या काचा फोडल्या. हा क्रम मुलींना जरूर सांगा, आधी सभा मग दगड.

आणि १८ नोव्हेंबर १९१०, ज्याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात, तो दिवस तर वगळूच नका. बायकांना मर्यादित मत देणारं सर्वपक्षीय बिल गुंडाळलं जातंय हे कळल्यावर तीनशेच्या आसपास बायका पार्लमेंटकडे निघाल्या, त्यांना कित्येक तास पोलिसांनी आणि बघ्यांनी मारलं, ढकललं, छातीला हात घातले, आणि दुसऱ्या दिवशी गृहमंत्री चर्चिल यांनी बहुतेकींवरचे खटलेच काढून घेतले म्हणजे कोर्टात काही बोलायची सोयच उरली नाही. त्या गर्दीत महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी सोफियासुद्धा होती. यानंतर बऱ्याच बायकांचा हिशोब सरळ होता, की मोर्चा नेला तर तासन् तास अंगावर मार खायचा आणि मग अटक, त्यापेक्षा एक काच फोडली की दोन मिनिटांत अटक, अब्रू आणि हाडं दोन्ही शाबूत. १ मार्च १९१२ ला संध्याकाळी लंडनच्या मोठ्या दुकानांच्या काचा हातोड्यांनी फुटल्या त्यामागे हेही कारण होतं.

घरं जाळणं, बॉम्ब ठेवणं ही शेवटची पायरी, ती खऱ्या अर्थाने १९१३ ची. जानेवारीत मताधिकाराच्या बिलाला बायकांसाठी दुरुस्ती जोडता येणार नाही असा स्पीकरने निर्णय दिला, फेब्रुवारीत क्यू गार्डनमधलं चहागृह जळालं आणि अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या बांधकाम चालू असलेल्या घरात बॉम्ब फुटला. माझं स्पष्ट मत, जेलमधल्या उपोषणापर्यंतच्या पायऱ्यांनी चळवळ वाढवली, या शेवटच्या पायरीने तिची माणसं तुटली.

दर्यावर्दी:
वरच्या प्रतिसादातला क्रम बरोबर आहे पण मला आकड्यांवर बोलायचंय, कारण या वादात आकडे कुणी बघतच नाही. ते सर्वपक्षीय बिल मे १९११ मध्ये परत आलं तेव्हा दुसऱ्या वाचनाला बाजूने २५५ आणि विरोधात ८८ मतं पडली. त्या वेळी पँकहर्स्टबाईंच्या संघटनेने आंदोलन थांबवलेलं होतं. पुढच्या वर्षी २८ मार्च १९१२ ला जवळपास तेच बिल २०८ विरुद्ध २२२ असं पडलं, फक्त १४ मतांनी. मधे काय झालं, तर त्याच महिन्यातली दुकानांची काचफोड. आता कुणी म्हणेल की झालं सिद्ध, दगडांनी बिल पाडलं. तर तेही पूर्ण खरं नाही, आयरिश खासदार उलटले होते कारण त्यांना भीती की या भानगडीत ॲस्क्विथ सरकार पडलं तर आयर्लंडचं होमरूल बिल बुडेल. आणि काचा फुटल्या म्हणून मत बदललं असं सांगणाऱ्या काहींना बहुधा निमित्तच हवं होतं. पण निमित्त हातात दिलं गेलं हे तर खरं ना.

दुसरं म्हणजे मिलिसेंट फॉसेट यांना या चर्चांत कुणी विचारतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांची संघटना सनदशीर मार्गाची, १८९७ पासूनची, १९१४ पर्यंत सभासद ५०,००० च्या वर. आपल्याकडच्या मवाळ-जहाल वादासारखंच आहे हे, जहालांच्या गोष्टी रंगतात आणि मवाळांनी बसून केलेलं काम धूळ खातं. १९१३ च्या उन्हाळ्यात या बायका देशाच्या कानाकोपऱ्यातून पायी चालत लंडनला आल्या, वाटेत गावोगावी सभा घेतल्या, काही ठिकाणी लोकांनी त्यांनाच जाळपोळवाल्या समजून मारहाण केली. १९१२ पासून त्यांनी मजूर पक्षाशी निवडणुकीत हातमिळवणी केली त्याने लिबरल पक्षाला खरा घाम फुटला. पण हेही सांगतो, फॉसेटबाईंनी सुरुवातीला पँकहर्स्टवाल्यांना नावं ठेवली नाहीत, उलट १९०६ मध्ये जेलमधून सुटलेल्या बायकांना त्यांनी सॅव्हॉय हॉटेलात मेजवानी दिली होती. दुरावा आला तो दगडफेक वाढल्यावर.

तिसरी_घंटा:
दर्यावर्दी, सनदशीर काम मोठंच पण पेपरात नाव येतं तेव्हाच सभासद वाढतात, फॉसेटबाईंच्या संघटनेची खरी वाढ १९०५ नंतरचीच आहे बघा. आणि युद्धाचं बक्षीस म्हणून मत मिळालं म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं, दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बहुतेक पोरी विशी-पंचविशीतल्या, मग १९१८ च्या कायद्यात मत तिशीच्या पुढच्या बायकांनाच का दिलं, तेही स्वतःची किंवा नवऱ्याची घर-जमिनीची अट घालून? राबल्या एक आणि मत दुसऱ्यांना. सरकारला नवीन कायदा करायची घाई होती ती सैनिकांसाठी, कारण आघाडीवर गेल्यामुळे त्यांची राहण्याची अट मोडत होती आणि मतं जात होती. मतदारयादीला हात लावायचाच होता, तेव्हा बायकांना परत बाहेर ठेवलं तर युद्ध संपल्यावर १९१३ पुन्हा सुरू होईल ही धास्ती कुणाच्याच डोक्यात नसेल असं मला नाही वाटत.

रानजाई:
तिसरी_घंटा, वयाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तो मुलींपुढे ठेवते. सगळ्यांचे आभार. गटातल्या एकीने विचारलेला आणखी एक प्रश्न आहे, की जेलमध्ये उपोषण करणाऱ्या बायकांना सरकार सोडून का देत नव्हतं, नळीने जबरदस्तीने खायला घालायची गरज काय होती? मला धड सांगता आलं नाही.

ओसरी:
आधी सोडलं होतं हो. उपोषण हे संघटनेने ठरवलेलंही नव्हतं. मॅरियन वॉलेस डनलॉप नावाच्या चित्रकार बाई, त्यांनी १९०९ मध्ये पार्लमेंटच्या भिंतीवर बिल ऑफ राइट्समधलं वाक्य छापलं म्हणून त्यांना महिन्याची शिक्षा झाली, त्यांची मागणी एवढीच की आम्ही चोर-दरोडेखोर नाही, राजकीय कैद्यांची वागणूक द्या. नाही म्हटल्यावर त्यांनी अन्न सोडलं आणि ९१ तासांनी सरकारने घाबरून त्यांना सोडून दिलं. मग बाकीच्यांनीही तेच सुरू केलं आणि शिक्षा म्हणजे काही दिवसांचा प्रश्न होऊन बसला. सरकारला ते परवडणारं नव्हतं, म्हणून सप्टेंबर १९०९ पासून बर्मिंगहॅमच्या जेलमध्ये नळी. नाकातून नाहीतर तोंडात लोखंडी पाना घालून जबडा उघडून, चार-पाच जणींनी हातपाय दाबून धरायचे आणि डॉक्टरने नळी घशातून खाली सारायची. हे वाचताना माझे हात थरथरतात आजही.

मुलींना लेडी कॉन्स्टन्स लिटन यांची गोष्ट नक्की सांगा. आपण शाळेत ज्याचा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट पाठ केला त्या व्हाइसरॉय लॉर्ड लिटनची ही मुलगी. १९०९ मध्ये न्यूकॅसलला पकडली गेली, उपोषण केलं, तर हृदय तपासलं आणि अशक्त आहे म्हणून सोडून दिलं. त्यांना कळून चुकलं की हे हृदयामुळे नाही, घराण्यामुळे. म्हणून जानेवारी १९१० मध्ये केस कापून, चष्मा लावून, स्वस्तातले कपडे घालून जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई बनून लिव्हरपूलला अटक करवून घेतली. आता कुणी हृदय तपासलं नाही. आठ वेळा नळी घातली. ओळख पटल्यावर सुटका झाली पण तब्येत गेली ती गेलीच, १९१२ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला, तर डाव्या हाताने त्यांनी जेलचे अनुभव लिहून काढले. लोकमत हललं ते अशा गोष्टींनी, जळलेल्या घरांनी नाही असं माझं मत. १९१३ मध्ये सरकारने नवीन कायदा काढला, उपोषणाने खंगली की सोडायची आणि बरी झाली की परत पकडायची, लोक त्याला मांजर-उंदराचा कायदाच म्हणायचे.

तिसरी_घंटा:
ओसरीताई, लिटनबाईंचं जेल आणि दगड वेगळे काढता येतात का पण? न्यूकॅसलला त्या पकडल्या गेल्या त्या दगड मारूनच, मंत्र्याच्या गाडीवर.

ओसरी:
बरोबर आहे तुमचं, आणि त्या दगडाला मी नावं ठेवत नाहीये. मी म्हणतेय ते लेटरबॉक्सबद्दल. फॉस्फरस टाकलेल्या पत्रांनी १९१३ मध्ये डंडीला पोस्टमन भाजले, ते कोण होते, पगारावर जगणारी माणसं, त्यांच्याकडे मताचा हक्क अडवून धरायची ताकद नव्हती. १९१२ मध्ये डब्लिनला ॲस्क्विथ यांच्यावर फेकलेली कुऱ्हाड आयरिश नेते जॉन रेडमंड यांच्या कानाला चाटून गेली आणि तिथल्या थिएटरला आग लावायचा प्रयत्न झाला. जीव घ्यायचा नाही असं पँकहर्स्टबाई सतत सांगायच्या, पण आग आणि कुऱ्हाड कुणाचं ऐकत नाही. पेथिक-लॉरेन्स नवरा-बायको, ज्यांनी संघटनेला पैसा, पेपर, घर सगळं दिलं, त्यांनी याच वाटेला विरोध केला तर त्यांना १९१२ मध्ये काढून टाकलं. स्वतःच्या पोटच्या सिल्व्हियालाही १९१४ मध्ये बाहेर काढलं, कारण ती लंडनच्या पूर्व भागातल्या कामगार बायकांना घेऊन वेगळ्या वाटेने चालली होती. मला हे सगळ्यात जास्त खुपतं.

कोरडवाहू:
ओसरीताईंशी सहमत. गांधीजींचंही असंच होतं साधारण, १९०६ मध्ये लंडनला असताना या बायका जेलमध्ये गेलेल्या बघून त्यांनी 'इंडियन ओपिनियन'मध्ये कौतुकाने लिहिलं, १९०९ मध्ये परत गेले तेव्हा सोसण्याचं कौतुक कायम पण दगडफेक मान्य नाही.

सुपारी_फुटली:
चर्चा छान चाललीय, थोडं आपल्याकडचं घालतो कारण मुलींना जवळचं वाटेल. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाई, १९१० मध्ये लंडनला डाउनिंग स्ट्रीटवर दगड मारले म्हणून हॉलोवे जेलमध्ये महिनाभर होत्या, १९१३ मध्ये डब्लिन कॅसलच्या काचा फोडून परत जेल आणि तिथे उपोषण. १९१५ मध्ये त्या भारतात आल्या आणि इथे एकही काच फोडली नाही. १९१७ मध्ये मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटायला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं जे शिष्टमंडळ गेलं त्यामागे याच होत्या, आणि जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात भरलं त्याच्याही मागे याच, अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. मुंबई इलाख्यात बायकांना मत १९२१ मध्येच मिळालं होतं, मालमत्तेच्या अटीवर का होईना. त्यासाठी हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बोलल्या.

म्हणजे तीच बाई, तीच मागणी, एकीकडे दगड आणि दुसरीकडे निवेदन. माझ्या मते फरक समोरच्या दाराचा आहे. लंडनमध्ये ॲस्क्विथ या बायकांच्या शिष्टमंडळांना भेटायला बऱ्याचदा नकारच द्यायचे, इथे माँटेग्यू भेटले, आणि भेटूनही पार्लमेंटने निर्णय इलाख्यांच्या कौन्सिलांवर सोडला तेव्हा ती कौन्सिलं भारतीय पुरुषांनी भरलेली होती, ज्यांना स्वतःलाच नुकतं काहीतरी मिळालं होतं. तिथे काच फोडून साधलं काय असतं.

रानजाई:
सुपारी_फुटली, फर्ग्युसनचं मला माहीतच नव्हतं, आमच्यातल्या दोघी पुढच्या वर्षी तिथेच ॲडमिशनच्या प्रयत्नात आहेत! पुढच्या बैठकीला मी असं करते, आधी २५५-८८ आणि २०८-२२२ हे आकडे फळ्यावर लिहिते, मग ब्लॅक फ्रायडे सांगते आणि शेवटी डंडीचे पोस्टमन. मत कुणाचं काय बनतंय ते त्यांचं त्या ठरवतील. लिटनबाईंचं मात्र मी स्वतः वाचून दाखवणार आहे, कुणाकडे मराठीत काही चांगलं असेल तर कळवा.