टेक्सास सोडून दुसऱ्या राज्यात जाणं: १६ वर्षांचा ट्रान्स मुलगा, एच-१बी (नोकरीचा व्हिसा). माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. थोरला १६ वर्षांचा आहे. जन्मदाखल्यावर मुलगी, पण गेली काही वर्षं तो मुलगा म्हणूनच जगतोय आणि घरात आम्ही त्याला मुलगाच मानतो. सांगलीच्या आजीला जरा वेळ लागला, पण आता तीही फोनवर 'नातू' म्हणते.

टेस्टोस्टेरॉनचा (पुरुषी हार्मोनचा) विचार करायला हवा, असं त्याच्या समुपदेशक आणि डॉक्टर दोघांचंही म्हणणं आहे. पण इथे १ सप्टेंबर २०२३ पासून एसबी १४ हा राज्याचा कायदा लागू आहे. वयात येणं थांबवणारी औषधं, हार्मोन, शस्त्रक्रिया, यातलं काहीच १८ वर्षांखालच्या ट्रान्स मुलांना देता येत नाही. दिलं तर डॉक्टरचा परवाना जातो. सरकारी पैसाही वापरता येत नाही, त्यामुळे मेडिकेड आणि चिप या सरकारी आरोग्य विम्यांवरच्या कुटुंबांना तर तो रस्ताही बंद. आमचा विमा नोकरीतून आहे, पण औषध लिहून देणारा डॉक्टरच राज्यात नसेल तर विमा घेऊन करायचं काय? वयात येणं थांबवणारी तीच औषधं फार लवकर पाळी आलेल्या मुलीला इथे कायदेशीरपणे मिळतात. हे मला अजिबात पटत नाही.

कोर्टाकडून आता आशा नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायद्याच्या बाजूने निकाल दिला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा असाच कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला.

म्हणून मिनेसोटा किंवा इलिनॉयला जायचा विचार आहे. मिनेसोटाने २०२३ मध्ये अशा कुटुंबांना संरक्षण देणारा कायदा केलाय. पण अशा उपचारांविरुद्धच्या जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर इतर राज्यांतल्याही काही रुग्णालयांनी १९ वर्षांखालच्यांचे उपचार थांबवले. तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: आज प्रत्यक्षात नवीन पेशंट घेतात का? किती महिने थांबावं लागतं?

दुसरं, नवऱ्याचा एच-१बी. शहर बदललं की कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो, एवढं माहीत आहे. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे. त्याच कंपनीत राज्य बदललेल्या कुणाला पर्म (ग्रीन कार्डसाठीचं श्रम खात्याचं प्रमाणपत्र) पुन्हा करावं लागलं का?

नुसतं उपचारासाठी न्यू मेक्सिकोला जाऊन-येऊन करणं कुणी केलंय का? एसबी १४ पालकांना ते करायला मनाई करत नाही, पण २०२२ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ॲबट यांनी मुलांना असे उपचार देणाऱ्या पालकांची बालछळ म्हणून चौकशी करायला सांगितलं होतं. व्हिसावर असताना ती भीती मनातून जात नाही.

'अजून लहान आहे, थांबा' हा सल्ला नको, तो बराच मिळालाय. उघडपणे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, त्याआधी ठरवायचं आहे.